चार बोटं माती

कुंडीत घातलेलं पाणी क्षणभर वर थांबून एकदम आत ओढलं गेलं, तर काळजीचं कारण नसतं. ते मातीवर साचायला लागलं आणि कडेकडेनं वाट शोधायला लागलं, की समजावं, आत जागा उरलेली नाही. यंदा ज्येष्ठात आमच्या गॅलरीतल्या वडाचं तसं झालं. झारीतलं पाणी शेवाळावर नुसतं चमकत राहिलं आणि काठावरून ओघळून फरशीवर आलं. निरखून पाहिलं तर झाडच थोडं वर सरकलं होतं. काठाच्या पातळीत असायची ती माती मध्ये फुगली होती आणि तळाच्या भोकातून बाहेर पडलेल्या मुळ्या खालच्या लाकडी पाटाला धरून बसल्या होत्या. कुंडी उचलायला गेले तर पाटही बरोबर उचलला गेला.

कुंडी कधी बदलावी यावर मतं पुष्कळ. पुस्तकं वसंतात बदला म्हणतात. ती बहुतेक थंड मुलखात लिहिलेली असतात, तिथं झाड वसंतात जागं होतं. आमच्या नाशकात वड झोपतच नाही, पौषात जरा आळसावतो इतकंच. माघ-फाल्गुनात बदलणारे माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांची झाडं चांगली जगतात. पण पाठोपाठ येणारा चैत्र-वैशाखाचा कोरडा वारा मला नको वाटतो. मृगाचे चार शिंतोडे पडावेत, हवेतली भाजणी कमी व्हावी, ऊब मात्र राहावी, हा मुहूर्त मला मानवतो. वडालाही मानवत असावा. तोडलेल्या मुळीला नवी मुळी फुटायला लागते ती ऊबच; थंडीत तीच जखम नुसती ओली राहते.

आदल्या दिवशी पाणी द्यायचं नाही. माती थोडी सुकली की सुटते. कुंडीच्या तळातून झाडाला बांधून ठेवणारी तार कापायची, जुनी सुरी काठाकाठानं फिरवायची आणि बुंधा धरून हलवायचं. आधी काहीच होत नाही. मग कुठंतरी एक कोपरा सुटल्याचा आवाज येतो आणि सगळं झाड मातीसकट हातात येतं. माती म्हणायचं ते सवयीनं. मुळं कडेनं फिरून फिरून, एकमेकांत गुंतून कुंडीच्या मापाचं काथ्याचं पायपुसणं तयार झालेलं असतं; त्यात माती शोधावी लागते. लांबट चौकोन, गोलसर कोपरे, तळाच्या जाळीचे ठसेसुद्धा. झाडानं आपल्याला दिलेली जागा इतक्या बारकाईनं मोजलेली पाहून दर वेळी थोडं ओशाळायला होतं.

त्यानंतरचं काम बसून करायचं. बांबूची अणकुचीदार काडी घेऊन बाहेरून आत न जाता बुंध्यापासून बाहेरच्या दिशेनं मुळं सोडवत जायचं, लहान मुलीच्या गुंतलेल्या केसांशी जितका धीर लागतो तितका ठेवून. घाई केली की नेमकं हवं ते तुटतं. जाड, तपकिरी, लाकूड झालेली मुळं झाडाला उभं धरतात. पाणी पिण्याचं काम मात्र टोकाजवळच्या फिकट, बारीक तंतूंचं. नवख्या माणसाला जाड मुळं वाचवावीशी वाटतात आणि बारीक कचरा वाटतो. करायचं नेमकं उलटं. खाली सरळ गेलेलं जाड मूळ कापायचं, कडेनं वेटोळी घातलेली कापायची, सगळं मिळून साधारण तिसरा हिस्सा. जवळ बारीक मुळ्यांचा झुपका असेल तिथपर्यंतच कात्री न्यायची, पुढं नाही.

आणि मग चीक. वडाला कुठंही नख लावा, पांढरा चीक लगेच गोळा होतो, मुळांतूनही येतो. पाण्याचा फवारा मारला की थोड्या वेळात थांबतो. काही जण कापलेल्या जागी हळद लावतात, मीही लावते, उपयोग किती ते वडाला ठाऊक. बोटांवरचा चीक साबणाला दाद देत नाही. खोबरेल चोळलं की निघतो. कपड्यांवरचा निघत नाही. म्हणून या कामाची माझी एक ठरलेली साडी आहे, तिच्या पदरावर जुन्या पावसाळ्यांचे तपकिरी डाग आहेत.

हे झाड मी लावलेलं नाही. माझे सासरे, अण्णा, यांनी ते भिंतीतून काढलं. जुन्या नाशकातला आमचा वाडा उतरवायला घेतला तेव्हा मागच्या भिंतीत, दुसऱ्या मजल्याच्या पातळीला, विटांच्या सांध्यातून हे बाहेर आलेलं होतं. गवंडी बाकी सगळं धडाधडा पाडत होता, पण त्याला हात लावेना. वड मी तोडणार नाही, तुमचं तुम्ही बघा, म्हणाला. अण्णांनी मग शिडी लावून भोवतीच्या विटा एकेक करून मोकळ्या केल्या आणि मुळांनी धरलेल्या अर्ध्या विटेसकट ते खाली आणलं. ती अर्धी वीट पुढं पुष्कळ वर्षं मुळांच्या कवेत होती. दर वेळी कुंडी बदलताना तिचा थोडा चुरा व्हायचा. आता ती नाही. म्हणजे झाडात गेली असणार.

भिंतीवरचा वड हे शहरात इतकं नेहमीचं दृश्य आहे की त्याचं कुणाला काही वाटत नाही. पाण्याच्या टाकीखाली, पुलाच्या कठड्यात, देवळाच्या शिखरावर, किल्ल्यांच्या बुरुजांत. वडाची लाल फळं कोकीळ, तांबट, हरियाल, मैना, वटवाघळं सगळी खातात आणि बी जिथं पडेल तिथं टाकतात. ते बी पायाखालच्या मातीतच रुजावं असा वडाचा हट्ट नाही. रानात तर तो पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतो. ताडाच्या झावळ्यांच्या खाचेत साठलेली मूठभर धूळ, कुजलेली दोन पानं, पावसाचं पाणी एवढ्यावर तो पहिली कितीतरी वर्षं काढतो. तिथून एक मूळ हळूहळू खाली सोडतो. ते जमिनीला लागलं की मग त्याचे दिवस पालटतात आणि ज्याच्या अंगावर वाढला त्याचे भरतात. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला लावतो, फोडायला लावतो, मग आतलं बी फोडायला लावतो. मुलाला आत काहीच दिसत नाही आणि तिथून बाप बोलायला लागतो. मी एकदा ते करून पाहायला बसले होते. बी इतकं बारीक की चिमटीतच सापडेना. श्वेतकेतूची नखं फार चांगली असली पाहिजेत.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की वडाची सुरुवातच तुटपुंज्या जागेत होते. मूठभर मातीत, उंचावर, उघड्यावर, पाणी येईल तेव्हा पिऊन आणि नसेल तेव्हा थांबून राहायची त्याला जन्मापासून सवय असते. पसरट कुंडीतली चार बोटं माती ही त्याच्या दृष्टीनं परकी अवस्था नाही. त्याचं लहानपण आहे ते. आपण ते लांबवतो. आणि वर चेहरा मागतो म्हाताऱ्याचा: जाड बुंधा, सुरकुतलेली साल, खाली झुकलेल्या फांद्या, पारंब्या. लहानपणाच्या अन्नपाण्यावर म्हातारपणाचं रूप. सगळी विसंगती असलीच तर इथं आहे.

घरी येणारे लोक मात्र विसंगतीवर थांबत नाहीत, थेट क्रूरतेवर येतात. चीनमधल्या बायकांचे पाय बांधायचे तसंच ना हे, असं दर चार पाहुण्यांतला एक तरी म्हणतो. पूर्वी मी वाद घालायची. मुळं कापली तर झाड उपाशी राहत नाही, उलट त्याला नवी तोंडं फुटतात. खत-पाणी दिलं नाही तर ते लहान राहत नाही, मरतं. न कापता तसंच ठेवलं तर स्वतःच्याच मुळांत गुदमरतं. हे सगळं खरं आहे. पण त्यानं उत्तर होत नाही हेही मला कळतं. दुसऱ्या टोकाला बोन्सायवाले लोक, झाड खूश आहे बघा, म्हणून पानाची लकाकी दाखवतात, तेही मला झेपत नाही. झाडाच्या वतीनं दोन्ही बाजूंनी वकिली चालते आणि अशील गप्प.

हा प्रश्न कधीच न विचारणारी एक जात आहे, द्राक्षबागायतदारांची. आमच्या जिल्ह्यात त्यांची कमी नाही. त्यांतलं कुणी आलं की वडाकडे न बघता आधी कापलेल्या जागा बघतात. वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करणाऱ्या माणसाला कात्रीत क्रौर्य दिसत नाही. कुठल्या डोळ्यावर कापलं, तिरकं कापलं का, पेस्ट लावली का, एवढंच दिसतं. मला त्यांच्याशी बोलायला आवडतं. मात्र त्यांचाही प्रश्न असतो: याला लागतं काय? मी म्हणते, काही नाही. मग ते थोडे अस्वस्थ होतात.

बोन्साय म्हटलं की आपल्याकडे जपान आठवतो, आणि ते बरोबरच आहे. चीनमधून गेलेली ही कला त्यांनी फार वर नेली. 1923च्या भूकंपानंतर टोकियोतले कितीतरी बोन्सायवाले शहर सोडून ओमियाला गेले आणि 1925पासून तिथं त्यांचं एक गावच वसलं. पण त्यांचं मन घडलं ते पाइन आणि जुनिपर यांच्यावर, डोंगरकड्यावर वाऱ्यानं वाकलेल्या झाडांवर. आपल्याकडे सुरुवातीला ती चित्रं पाहून लोकांनी वडाला पाइन करायला घेतलं. निमुळता शेंडा, त्रिकोणी आकार, पायऱ्यापायऱ्यांनी लावलेल्या फांद्या. ही शुद्ध वडाची साल पिंपळाला. वडाला शेंड्याची हौस नसते. तो आडवा जातो, फांदी लांबवतो, ती जड झाली की खाली खांब सोडतो. कुंडीतही त्याला तेच करू द्यावं. अण्णांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर पंचवटी पाहिली होती, आणि पंचवटीत राहून वडाचा आकार चुकवणं अवघड.

वड बोन्सायला फारसा सोयीचा नाही, असं जाणकार म्हणतात. पानं मोठी. जमिनीवरच्या झाडाचं पान वीतभर भरतं. कुंडीत, उन्हात, सगळी पानं देठ ठेवून खुडून टाकली की पुढची पानं लहान येतात, तरी नांदरुकीच्या पानाइतकी कधीच नाहीत. नाजूकपणा हवा असेल त्यांनी नांदरुकच घ्यावा. फळ आलंच तर ते पूर्ण आकाराचं येतं, त्याला आपल्या कात्रीचा पत्ता नसतो. मला वडाच्या या बेढबपणाबद्दल थोडी माया आहे. लहान व्हायला तो तयार होतो, नाजूक व्हायला होत नाही.

मातीचं सांगायचं तर नाशिकची काळी माती, जिच्यावर जिल्हा जगतो, ती इथं कामाची नाही. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि दोन्ही वेळा बारीक मुळ्यांचा जीव घेते. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, जाडसर वाळू आणि नीट मुरलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, बस. दुकानांत जपानी मातीच्या महागड्या पिशव्या मिळतात. आपल्या वीटभट्ट्या असताना त्या आणाव्यात असं मला वाटत नाही. विटा फोडायला आणि चाळायला अख्खी दुपार जाते. चाळणीतून खाली पडलेली लाल पूड मोहात पाडते, फुकट जाते म्हणून. ती टाकूनच द्यायची. ती पूड कुंडीत गेली की तळाशी चिखल होतो आणि भोकं बुजतात. भोकांवर जाळी, जाळीतून वर आणलेली तार, तारेनं झाड बांधायचं. बुंधा बोटानं ढकलला तरी हलता कामा नये. झाड हलत राहिलं तर नवी मुळी धरायच्या आत तुटते. मग काडीनं टोचत टोचत मिश्रण मुळांच्या मध्ये भरायचं, पोकळी ठेवायची नाही, आणि भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्यायचं. आधी लाल येतं, मग गढूळ, मग स्वच्छ.

इथवरचं काम हातांना येतं. पुढचं हातांना येत नाही, कारण पुढं हातांनी काहीच करायचं नसतं.

कुंडी सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवली. दोन-तीन आठवडे तिला ऊन नाही, खत नाही, हलवाहलव नाही. सहाव्या-सातव्या दिवशी पानं पिवळी पडायला लागतात आणि घरातल्या सगळ्यांना सल्ले सुचतात. उन्हात ठेव. शेण घाल. शेजारच्या काकू ताक घाल म्हणाल्या. कापलेल्या मुळांना तेवढ्या पानांना पाणी पुरवता येत नाही, म्हणून झाड काही पानं सोडून देतं. हिशेब आहे तो त्याचा. हे मला पाठ आहे, तरी सकाळी उठल्यावर आधी गॅलरीत जाते आणि गळालेली पानं मोजायची नाहीत असं ठरवून मोजते. फार वाटलं तर फांदीच्या सालीवर नखानं पुसटशी रेघ ओढून बघायची. आत हिरवं दिसलं की गप्प बसायचं. पण ही रेघसुद्धा रोज ओढायची नसते. पाण्याचंही असंच. जीव तगमगतो म्हणून माणूस पाणी घालत राहतो आणि या दिवसांत वड तहानेनं कमी आणि आपल्या प्रेमानं जास्त मरतात. वरचा थर सुकायला लागला की द्यायचं, दिलं की भरपूर द्यायचं, मग परत थांबायचं. झडीचा पाऊस लागला तर कुंडी छपराखाली ओढायची.

अण्णांना हा काळ फार जमायचा. मुळं कापताना ते बडबडायचे, कात्रीला नावं ठेवायचे, मला अमुक धर तमुक धर म्हणायचे. कुंडी कोपऱ्यात गेली की मात्र तिकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. मला वाटायचं, विसरले. एकदा मी पानं गळल्याचं सांगायला गेले तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बघू नको त्याच्याकडं. त्याला काम करू दे." हे म्हणणं सोपं होतं असं तेव्हा वाटलं. आता त्यांच्या जागेवर बसून पाहते तर तेही पेपराच्या कडेनं बघतच असणार, याबद्दल मला शंका नाही.

मग एखाद्या सकाळी फांदीच्या टोकाची कळी फुगलेली दिसते. हिरवट-लालसर, टोकदार आवरण. ते गळून पडलं की आतून घडी घातलेलं पान. पहिलं पान आलं म्हणजे खाली मुळी धरली. अजून खताची घाई करायची नाही. महिना-दीड महिना उलटला की पेंडीचं पाणी, तेही पातळ. हळूहळू सकाळचं ऊन, मग दिवसभराचं. वडाला ऊन भरपूर लागतं. दिवाणखान्यात टेबलावर ठेवलेला वड म्हणजे हळूहळू मरणारा वड. वर्षभराची बाकी चाकरी तशी साधी आहे. उन्हाळ्यात दोनदा पाणी. पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, द्राक्षवाले ज्याला मिलीबग म्हणून शिव्या घालतात तोच. थोडा असला तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा, जास्त असला तर कडुनिंबाचं तेल. वळण द्यायला तार गुंडाळली असेल तर पावसाळ्यात तिच्यावर डोळा ठेवायचा, कारण श्रावणात फांदी बघता बघता जाड होते आणि तार सालीत रुतते. लग्नकार्याला गावाला जायचं म्हटलं की झाडाची सोय आधी लावावी लागते. मुलगा म्हणतो, कुत्रा पाळला असता तर निदान बरोबर नेता आला असता.

पारंब्या हा वेगळाच विषय आहे. मुंबई-कोकणातल्या ओलसर हवेत कुंडीतल्या वडालाही त्या सहज सुटतात. आमच्याकडे आषाढ ते भाद्रपद एवढीच संधी. फांदीच्या खालच्या बाजूनं पिवळसर टोक बाहेर येतं, चार दिवस लांबतं, हवा कोरडी झाली की काळं पडून थांबतं. ते मातीपर्यंत पोचावं म्हणून लोक युक्त्या करतात. सरबताची नळी उभी चिरून तिच्यात ओलं शेवाळ भरायचं आणि पारंबीला त्यातून खाली उतरवायचं. मी करते तसं. एकदा का टोक मातीत गेलं की मग आपलं काम संपतं. लोंबणारी पारंबी ताणली जाते, सरळ होते आणि जाड होऊ लागते. दोऱ्याचा खांब होतो. या झाडाची एक पारंबी आता माझ्या करंगळीहून जाड आहे आणि मूळचा बुंधा तिच्यावर थोडा रेलून उभा आहे.

मोठ्या वडांत हे रेलणं किती टोकाला जातं! हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रचंड वडाला मूळ खोडच नाही. 1864 आणि 1867च्या वादळांत त्याला इजा झाली, बुरशी शिरली आणि 1925 मध्ये ते खोड काढून टाकावं लागलं. झाड आहेच, पारंब्यांवर. आपल्या संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीला वड पाहायला गेलं तर हा खांब मूळचा की नंतरचा, हे सांगायला गावातला माणूसही थोडा थांबतो. कुंडीतलं झाड रेलतं ते माणसांच्या हातांवर. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षउद्यानात एक पांढरा पाइन आहे, 1625 पासून कुंडीत वाढवलेला. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबानं तो 1976 मध्ये भेट दिला. अणुबाँब पडला तेव्हा तो त्यांच्या आवारात भिंतीच्या आडोशाला होता, हे उद्यानाला कळलं 2001 मध्ये, त्या घरातली नातवंडं झाड पाहायला आली तेव्हा. देताना देणाऱ्यानं ते सांगितलं नव्हतं. मला त्या न सांगण्याचं फार नवल वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत गेलेल्या झाडाला आणखी एक हात, एवढंच देणाऱ्याच्या मनात असेल का?

वटपौर्णिमेला आमच्या सोसायटीत दरवर्षी एक प्रसंग ठरलेला. मंडईत विकायला आलेल्या वडाच्या फांद्या काही जणींना आणवत नाहीत. पूजेसाठी वड तोडायचा हे त्यांना पटत नाही आणि मोठ्या वडापाशी रांग असते. मग त्या माझ्याकडे येतात. कुंडीला फेऱ्या घालायच्या तर गॅलरीत जागा नाही, म्हणून कुंडी दिवाणखान्यात मधोमध टीपॉयवर. सूत गुंडाळताना बारीक पारंब्या तुटू नयेत म्हणून मी बाजूला उभी. आंबा-फणस मातीवर ठेवू नका, पाणी चमच्यानं घाला, हळदकुंकू मुळाशी नको, पाटावर वाहा, अशा माझ्या सूचना. एक नवी सून हसत म्हणाली, "काकू, सावित्रीलासुद्धा इतके नियम नव्हते." पूजा झाली की सूत मी सावकाश उलगडून काढते. तेवढा एक दिवस या वडाला वडासारखं वागवलं जातं. एरवी आल्या-गेल्याला तो शोभेचा असतो. आणि ज्या आजी वर्षभर, घरात वड ठेवू नये, वाईट असतं, म्हणून मला सांगतात, त्याही त्या दिवशी नवी साडी नेसून पहिल्या येतात.

बाहेरच्या वडांचं मात्र कठीण झालं आहे. रस्ता रुंद होताना पहिला बळी त्यांचा. उंटवाडीच्या म्हसोबाजवळचा जुना वड उड्डाणपुलाच्या वाटेत आला तेव्हा नाशिककर त्याच्या बाजूनं उभे राहिले, पण असं प्रत्येक वडाच्या वाट्याला येत नाही. ज्याच्याखाली देव नाही तो वड लवकर जातो.

माझे धाकटे दीर सिन्नरकडे शेती करतात. परवा कांदे घेऊन आले होते. नव्या मातीत वडाला पालवी फुटली होती, ती पाहत चहा घेताना म्हणाले, "वहिनी, अण्णांची हौस झाली, तुमची झाली. सोडा की याला आता. किती दिवस कोंडणार?"

मी म्हटलं, "भाऊजी, माझी ना नाही. तुमच्या बांधावर लावू. मी स्वतः घेऊन येते."

"बांधावर? वड?" ते हसले. "त्याच्या सावलीत काही पिकतं का? आणि मुळ्या विहिरीत उतरल्या तर बांधकाम फोडतील. शेजारचा तर पहिल्याच दिवशी भांडायला येईल."

"मग ओढ्याच्या काठाला."

"ओढा राहिलाय कुठं?"

"शाळेत?"

"शाळेच्या आवारात सगळीकडं ब्लॉक बसवलेत." त्यांनी कप खाली ठेवला आणि कुंडीकडे जरा वेळ पाहिलं. "मारुतीच्या मागं थोडी जागा आहे गावठाणाची. पण सरपंचाला विचारावं लागेल. आणि पहिली दोन वर्षं पाणी घालायला माणूस लागेल. शेळ्या ठेवणार नाहीत, काट्यांचं कुंपण करावं लागेल." बोलता बोलता ते खरोखरच हिशेब करायला लागले होते. "बघतो विचारून. पाऊस संपायच्या आत फोन करतो."

गावठाणात गेला तर या वडाचा अण्णांनी दिलेला आकार दोन-तीन पावसाळेही टिकणार नाही. शेंडा सुटेल, झुकवलेल्या फांद्या वर उठतील, करंगळीएवढी पारंबी खोडात बुडून जाईल. कुणाला सांगितलं तरी पटायचं नाही की हा कधीकाळी दोन हातांत उचलता यायचा.

फोन अजून आलेला नाही. या दिवसांत वरचा शेंडा दोन पानांवर आणून कापायचा असतो, नाहीतर तो सगळा जोर ओढून घेतो आणि खालच्या फांद्या हलक्या राहतात. बाकीची छाटणी मी रविवारी उरकली. शेंडा ठेवला आहे. चांगला हातभर झाला आहे आता, आणि कुंडीला अगदीच शोभत नाही.